केसाळ डोळ्यांची माशी

वहिनी,

तुमचा दहावा परवा झाला. मांडव निघाला, पाहुणे आपापल्या वाटेला लागले, आणि आज सकाळी चहा घेताना लक्षात आलं की या घरात माझ्याशी भांडणारं कोणी उरलं नाही. दादा कधी भांडलाच नाही. तुमची जाऊ भांडते, पण तिच्या भांडणात मुद्दा नसतो (हे तिला वाचून दाखवणार नाहीये). मुद्द्यावर बोट ठेवून, हातात भिंग धरून भांडणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. दीर-भावजयीचं आपलं भांडण म्हणजे घरातलं रोजचं काम होतं, तुळशीला पाणी घालावं तसं. ती सवय दहा दिवसांत कशी जाणार? म्हणून कागद घेऊन बसलोय.

सांगायचं एकच आहे, आणि ते आठ वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. माझ्या रेशमाच्या शेडमध्ये अळ्यांचा जीव घेणारी उझी माशी शिरली ती तुमच्या बाटल्यांतून, असं गाव आजवर म्हणत आलं. तसं पहिल्यांदा म्हणालो तो मी. आणि ती माशी खरी कुठून आली, हे तेव्हाही मला ठाऊक होतं.

पण एकदम शेवटाला हात घातलेला तुम्हाला चालायचा नाही. "भाऊजी, आधी अळी दाखवा, मग माशीचं बोला," असं म्हणायचात. तेव्हा अळीपासूनच सुरुवात करतो.

आपल्या बोरीच्या रानात तेव्हा हरभऱ्यावर घाटेअळी अशी पडायची की सकाळी वावरात गेलं तर प्रत्येक घाट्यात एक डोकं खुपसलेलं. औषधं मारून अळी मरेनाशी झाली होती, मारणाऱ्याचं मात्र दोन दिवस डोकं धरायचं. मग बायका ओळीनं वेचायला बसायच्या. आणि वेचण्याचा आपल्याकडे एक नियम होता. ज्या अळीच्या पाठीवर पांढरे ठिपके चिकटलेले दिसतील ती आधी उचलायची. ती म्हणे अंड्यावर आलेली अळी, ती सुटली की उद्या शंभर झाल्या. आईनं मला हे शिकवलं, मी बायकांना शिकवलं. ठिपकेवाल्या अळ्या जिच्या डब्यात जास्त तिचं कौतुक जास्त. आख्खं शिवार हेच करायचं, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तुम्ही सातवी शिकलेल्या, लग्न होऊन आलेल्या, बांधावर बसून एक ठिपकेवाली अळी तळहातावर घेतलीत आणि म्हणालात, "अंडी पतंग घालतो ना? मग अळी कशी घालंल? ती तर अजून लेकरूच हाय."

मी म्हणालो, "वहिनी, वेचा गुमान." तुम्ही ती अळी लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत टाकलीत, वर धोतराचा तुकडा बांधलात, आत रोज ताजा पाला. चार-सहा दिवसांत अळी आक्रसून काळी पडली. तिच्या शेजारी दोन तांबूस दाणे दिसले, गव्हाहून बारीक, गुळगुळीत. मी म्हणालो, उंदराची लेंडी आहे, फेका. तुम्ही फेकली नाहीत. आणि एका सकाळी बाटलीत माशी. कापड तसंच बांधलेलं, एक दाणा टोकाला फुटलेला, आणि आत करड्या रंगाची, पाठीवर काळ्या रेघा असलेली माशी भिंतीवर चढतेय.

तुम्ही मला हाक मारलीत ती अजून कानात आहे. "भाऊजी, या हो लवकर! ठिपके अळीचे न्हाईत. माशीचे हायेत!"

म्हणजे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या, आपली अळी खाणाऱ्या माशीची अंडी शोधून शोधून, आधी वेचून रॉकेलात बुडवत होतो. अळ्या वेचण्याचं नाव, आणि अळीचा वैरी मारायचं काम. मी तीन दिवस तुमच्याशी बोललो नाही, कारण हसण्यावारी नेता येईना आणि कबूल करवेना. तुम्हाला माझा हा स्वभाव पहिल्यापासून माहीत.

त्या सालापासून आपल्या वावरात ठिपकेवाली अळी सोडायची, बिनठिपक्याची वेचायची, हा नियम तुम्ही घातलात. मजूर बायका कपाळाला हात लावायच्या. चमत्कार वगैरे काही झाला नाही, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. पण दोन-तीन हंगामांत आमच्या पाठीवरचा पंप खुंटीला जास्त दिवस लटकायला लागला, हेही खरं. हे मी तेव्हा म्हणालो नव्हतो.

मग तुम्ही बांधावरची कोथिंबीर फुलू द्यायला लागलात. जुड्या बांधून आळेफाट्याच्या बाजारात न्यायची कोथिंबीर, ती फुलून बुजबुजली, आणि तिच्यावर तुमच्या माश्या मध प्यायला. मी म्हणालो, "माशीला पंगत घातलीय का?" तुम्ही म्हणालात, "आई जेवली तर लेकरं व्हतील."

ओसरीच्या फळीवर बाटल्या वाढत गेल्या. टोमॅटोची अळी, एरंडाची अळी, तुरीची, बांधावरच्या रुईची. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी: अळी कुठली, कोणत्या झाडावरची, कधी ठेवली, आतून काय निघालं. जुन्नरच्या घड्याळजीकडून तुम्ही डोळ्याला लावायचं भिंग आणलंत आणि आमची सगळ्यांची शाळा घेतलीत. मला सगळ्या माश्या एकच दिसायच्या, घरातली ती घरातली, बाहेरची ती बाहेरची. तुम्ही मेलेली माशी टाचणीवर धरून म्हणायचात, "पोटाच्या शेवटाला बघा, दाढीच्या ब्रशासारखे राठ केस. घरमाशीला असं न्हाई. आता पाठीच्या टोकाखाली बघा, उशीसारखा फुगवटा हाय ना? मग ही आपल्यातली." "आपल्यातली" म्हणजे अळीच्या अंगावर वाढणारी. पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशी तुम्ही माश्यांची करून द्यायचात. नावंही तुमचीच: तांबडपोटी, चांदीतोंडी, आणि हरभऱ्यातली ती पहिली, केसाळ डोळ्यांची. तिच्या डोळ्यांवर खरोखर बारीक लव असते. उन्हाकडे तिरपं धरून दाखवल्यावर मलाही दिसली. माशीच्या डोळ्याला केस! मी हे चावडीवर सांगितलं तेव्हा लोकांना वाटलं की मी थोडी घेऊन आलोय.

पुण्याच्या एका कॉलेजातल्या सरांना तुम्ही काडेपेटीत कापूस घालून माश्या पाठवल्यात. बऱ्याच महिन्यांनी कार्ड आलं, तुमच्या नावाआधी 'श्रीयुत' लिहिलेलं. सरांनी लिहिलं होतं की माश्यांची पारख अचूक आहे, आणखी पाठवा. दादा दिवसभर तुम्हाला "श्रीयुत, च्या ठेवा" म्हणत होता. तुम्ही उलट टपाली एका ओळीचं उत्तर लिहिलंत: 'मी बाई आहे, माश्या त्याच आहेत.'

वहिनी, तुम्हाला हे वेड कुठून लागलं ते मला तळेघरला कळलं. तुमच्या माहेरी जायचं म्हणजे एसटी मिळाली तर अर्धा रस्ता, पुढं पायपीट. त्या खेपेला भाताच्या खाचरात अळीनं पानं करवतली होती आणि मी तुमच्या वडिलांना औषधांची नावं सांगत बसलो होतो. आबा नाचणीची भाकरी खात ऐकत होते. म्हणाले, "पावणं, इथं कोन आणतंय औषध डोंगरावर? अळी येती. आमी बसतो. मग येतंय कुणीतरी, आन् अळी जाती." मी विचारलं, कोण येतंय? आबा म्हणाले, "कुणास ठाव. येतंय."

परतीच्या वाटेवर तुम्ही हिरड्याच्या सावलीत टेकलात आणि म्हणालात, "लहानपणापासून ऐकत आले, येतंय कुणीतरी. इतकं काम करून जातंय, आन् घरात कुणाला त्याचं नाव ठाव नाय. मला त्याचं तोंड बघायचं व्हतं."

मी तेव्हा काहीतरी चेष्टा केली. पण तुमच्याबद्दल मला पहिल्यांदा जे वाटलं त्याला आदर म्हणतात, हे आज लिहून टाकतो. आमच्या घराण्यात जमीन-जुमल्याच्या गप्पा पुष्कळ झाल्या. आपलं पीक वाचवणाऱ्याचं तोंड पाहावं, असं मात्र कोणाच्या मनात आलं नव्हतं.

आता रेशमाचं.

तुती लावायचा नाद माझा. तुम्ही म्हणालात, "भाऊजी, जन्मभर अळ्या मारल्या, आता पाळणार?" पण शेड उभी करताना सगळ्यात जास्त तुम्हीच राबलात. खिडक्यांना जाळ्या तुम्ही शिवल्यात. कोषांच्या पहिल्या दोन खेपा झकास गेल्या. माझी मान इतकी ताठ झाली की तुम्ही म्हणालात, आता मफलर गुंडाळायलाही वाकायची नाही.

तिसऱ्या खेपेच्या आधी आळे गावच्या एका माणसानं रेशीम करणं सोडलं. त्याच्याकडच्या जुन्या चंद्रिका, म्हणजे अळ्या कोष विणायला सोडतात त्या जाळीदार चौकटी, आणि कोषांची बारदानं मी टेम्पोत भरून आणली. त्यानं का सोडलं, हे मी विचारलं नाही. फुकटात मिळालं होतं. तुम्ही त्या दिवशी माहेरी होतात. मी ते सगळं शेडच्या आत, दार लावून झटकलं. बारदानाच्या शिवणीतून मूठभर तांबूस दाणे पडले. झाडूनं कोपऱ्यात सारले आणि कामाला लागलो. ते दाणे मी तुमच्या बाटलीत शंभरदा पाहिले होते, वहिनी. पण तेव्हा माझं डोकं तुतीच्या पाल्यात होतं.

पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. अळ्या ऐन भरात आल्या आणि त्यांच्या अंगावर काळे डाग दिसायला लागले. कोष विणले, ते आतून भोक पाडून माशीचं गिडार, बिनपायाची अळी, बाहेर. भोकाचा कोष म्हणजे धागा तुटलेला, कोण घेणार? आख्खी खेप गेली. शेडमध्ये माश्या भिरभिरत होत्या, पाठीवर चार काळ्या रेघा. तुमच्या केसाळ डोळ्यांवालीच्या पाठीवरही चारच रेघा. जाळी कुठंच फाटलेली नव्हती, आणि तुमच्या बाटल्या शेडच्या दारालगत ओसरीवर. मला दुसरं कोणी दोषी शोधावं लागलंच नाही.

तुम्ही आत गेलात. जमिनीच्या फटी काडीनं उकरल्यात. बाहेर आलात तेव्हा तळहातावर एक तांबूस दाणा होता. मला विचारलंत, "भाऊजी, असं काही शेडमधी आधी पाह्यलं व्हतं का? जुन्या सामानात, कुठं?"

त्या क्षणी मला बारदान आठवलं. झाडू आठवला, कोपरा आठवला.

मी म्हणालो, "न्हाई."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. रागानं नाही, भिंगातून बघता तसं. मग म्हणालात, "या माशीचे डोळे साफ हायेत. केस न्हाईत. ही माझ्यातली न्हाई, भाऊजी. दोन्ही माश्या शेजारी ठेवल्यात, बघा." आणि भिंग पुढं केलंत. मी ते हातात घेतलं नाही. बघितलं असतं तर मान्य करावं लागलं असतं. मी ओरडलो, की तुमच्या माश्यांनी माझं घर बुडवलं. वेशीपर्यंत ऐकू गेलं. फळीवरच्या बाटल्या पाटीत भरून उकिरड्यावर नेऊन ओतल्या, चिठ्ठ्यांसकट. दादा म्हणाला, "अरे, थांब." मी थांबलो नाही.

तुम्ही रडला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी केरसुणी घेऊन माझ्याच शेडमध्ये बसलात आणि फटीफटीतले दाणे वेचलेत. ते दोन बाटल्यांत भरलेत. मला वाटलं, पुन्हा सुरू झालं बाईचं. पण त्यातल्या काही दाण्यांतून माशी निघालीच नाही. निघाले मोहरीएवढे काळे पंखवाले किडे, गांधीलमाशीची धाकटी भावंडं म्हणावीत असे. माशी अळीच्या पोटात, आणि हे माशीच्या पोटात. तुमचा चेहरा असा फुलला होता की जणू घरात बारसं आहे. "बघा, हिलाबी कुणीतरी हाय!"

ते किडे तुम्ही वाढवलेत. पण शेडमध्ये सोडायच्या आधी दोन दिवस घुटमळलात. मी विचारलं, आता काय? तुम्ही म्हणालात, "हे काय विचारून बसणार का, ही उझी का हरभऱ्यातली? बाहेर गेले तर माझ्याबी माश्या मारतील." तिसऱ्या दिवशी तुम्ही बाटलीचं कापड सोडलंत. माझ्या शेडसाठी. जमिनीच्या फटी मातीनं लिंपल्यात, ती बारदानं उकळत्या पाण्यात घातलीत. कुठली बारदानं घालायची, हे मी सांगितलं नव्हतं. तुम्ही बरोबर तीच उचललीत.

पुढची खेप सावरली. त्याच्या पुढची चांगली गेली. माझं रेशीम तुमच्यामुळं उभं राहिलं, आणि मी 'बरं झालं' यापलीकडे काही बोललो नाही. इकडं गावात माझं ओरडणं पोचलंच होतं. गावातल्या दुसऱ्या रेशीमवाल्यांनी तुम्ही दारात आलात की दार ओढून घ्यायला सुरुवात केली. 'माशीवाली' हे नाव पडलं. हळदी-कुंकवाला बायका हसून म्हणायच्या, "काकी, पदर झटकून या हं." तुम्हीही हसून झटकायचात. ते मी दोनदा माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि दोन्ही वेळा बाहेर जाऊन उभा राहिलो.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. मी म्हणायचो, माशी मित्र तरी म्हणा नाहीतर शत्रू तरी. हरभऱ्यात मित्र आणि शेडमध्ये शत्रू, हे कसलं शास्त्र? तुम्ही म्हणायचात, "तिला काय ठाव, तुमची शेड कुठली आन् माझं वावर कुठलं? ती तिचं लेकरू वाढवती. मित्र न् शत्रू आपल्या बाजूनं." मला अजून पूर्ण पटलेलं नाही. शेतकऱ्याला बाजू असतेच. पण गेल्या आठ वर्षांत अळी दिसली की मारायला उचललेला हात एकदा थांबतो, आधी पाठ बघतो. एवढं तुमचं.

परवा कुकडी नदीच्या घाटावर प्रवचन झालं. मग आपल्याकडच्या रीतीप्रमाणं श्रद्धांजलीची भाषणं. एक पुढारी उभे राहिले. चांगलं बोलले, मनापासून बोलले. शेवटी म्हणाले, "काकींच्या हातून रेशमाचं तेवढं नुकसान झालं, पण मन मोठं व्हतं. आपुन ते विसरून जाऊ." लोकांनी माना हलवल्या. तुम्हाला माईकवरून माफ करण्यात आलं, वहिनी. आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारायच्या आत मी उठलो. कोणी बोलावलं नव्हतं.

काय बोललो ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की माईक शिट्टी मारत होता. म्हणालो, "उझी वैनीच्या बाटलीतून आली न्हाई. मी आणलेल्या बारदानातून आली. मला तवाच कळलं व्हतं. मी खोटं बोललो. आन् नंतर माझी शेड वाचवली ती वैनीनंच." मग माईक खाली ठेवला. दार ओढून घेणारा एक जण डोक्यावरची टोपी काढून हातात धरून बसला होता.

घरी येताना दादा माझ्या बरोबरीनं चालत होता. "मला ठाव व्हतं," म्हणाला. "तिनं त्याच दिवशी सांगितलं व्हतं. बारदानाच्या शिवणीत तिला रिकामी टरफलं घावली व्हती."

मी रस्त्यातच उभा राहिलो. विचारलं, मग तू बोलला का नाहीस? एवढी वर्षं? तिला लोक काय काय म्हणत होते!

दादा म्हणाला, "मी उठलोच व्हतो सांगायला. तिनं बसवलं. म्हणाली, तुमी सांगितलं तर भाऊजी ते खोटं पाडत बसतील, आन् मग त्यांना कधीच सांगता यायचं न्हाई. राहू द्या. त्यांचं ते सांगतील."

आठ वर्षं तुम्ही मला रोज सकाळी चहा दिलात आणि वाट बघितलीत. एकदाही विचारलं नाहीत.

सांगितलं, वहिनी. दहा दिवस उशीर झाला.